मावळावर नवा लेख लिहिण्याआधी

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, घाटमाथ्याला टेकून असलेल्या मावळ तालुक्याचे चाहते पुष्कळ आहेत. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी, लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची हे किल्ले आणि लोणावळा-खंडाळ्याचा पावसाळा यांनी पिढ्यान्पिढ्या माणसे इकडे ओढून आणली. त्यांतले काही जण पाहून, चढून परतल्यावर लिहायलाही बसतात. पूर्वी असे लिखाण दिवाळी अंकात किंवा गिर्यारोहण मंडळाच्या स्मरणिकेत जात असे. आता ते मराठी विकिपीडियावर जाते, आणि तिथे लिहिण्याची तऱ्हा निराळी आहे. लेखाखाली नाव येत नाही, लेखावर मालकी राहत नाही, उद्या कोणीही येऊन त्यात भर घालतो किंवा काट मारतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या कोशात ज्या विषयाला अजून पान नाही त्याचा दुवा लाल दिसतो. त्या लाल अक्षरांवर टिचकी मारली की कोरी चौकट उघडते, आणि मावळावर प्रेम करणाऱ्या माणसाला ती चौकट भरून टाकण्याची घाई होते. त्या कोऱ्या चौकटीपाशी काय करावे, हा या प्रस्तावनेचा विषय आहे. माझे म्हणणे असे की नवा लेख किती मोठा किंवा किती सुंदर आहे यावर त्याची किंमत ठरू नये. पुढच्या माणसाला तो किती तपासता येतो, यावर ती ठरावी. विषय कोणता घ्यायचा हे जिव्हाळ्याने ठरवावे. त्या विषयाबद्दल काय म्हणायचे हे मात्र आधाराने.

चाहत्यांनी मिळून कोश रचण्याची रीत जगभर आहे. 'स्टार ट्रेक' या मालिकेच्या चाहत्यांचा 'मेमरी अल्फा' हा कोश मराठी विकिपीडियाच्याच वर्षी, २००३ मध्ये सुरू झाला. अशा कोशात लेखक कथेच्या आत उभा राहून लिहितो. अमुक कप्तानाचा जन्म अमुक ग्रहावर झाला, असे तिथे सरळ लिहिले जाते आणि ते योग्यही असते, कारण आधार म्हणून ती मालिकाच समोर असते. मावळाच्या चाहत्याला मात्र ही मुभा नाही, आणि नेमके हेच तो विसरतो. गो. नी. दांडेकर तळेगाव दाभाड्यात राहिले आणि या मुलखावर त्यांनी 'पवनाकाठचा धोंडी' व 'माचीवरला बुधा' या कादंबऱ्या लिहिल्या. तुंग आणि राजमाची मराठी वाचकाच्या मनात वसले ते बरेचसे त्यांच्यामुळे. राजमाचीवरच्या लेखात 'माचीवरला बुधा'चा उल्लेख यायलाच हवा, कारण त्या कादंबरीने किल्ल्याला वाचक आणि वाटसरू मिळवून दिले. पण बुधा राजमाचीवर राहत होता, असे वाक्य किल्ल्याच्या लेखात आले की कादंबरी आणि किल्ला दोन्हींवर अन्याय होतो. कादंबरीचा लेख वेगळा, किल्ल्याचा वेगळा, आणि दोघांत जाणारा-येणारा दुवा, एवढे सांभाळले तर चाहत्याचा उत्साह कुठेच अडत नाही. एक व्यवहाराची गोष्टही इथेच सांगून टाकतो. दांडेकरांचे निधन १९९८ साली झाले आणि आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे लेखनाचे हक्क सुरक्षित असतात. त्यामुळे २०५८ संपेपर्यंत त्यांचे उतारेच्या उतारे मुक्त कोशात उचलून ठेवता येणार नाहीत, मग भक्ती कितीही असो.

जिव्हाळा आणि आधार यांचा खरा कस लागतो तो बोरघाटात. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. गाडीवाले तिथे थांबतात, नाणे वाहतात, नारळ फोडतात. कथा अशी की रेल्वेसाठी घाटातून वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने ती इंग्रज साहेबाला दाखवली. बक्षीस काय हवे असे विचारल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि साहेबाने त्याला गोळी घातली. या विषयावर नवा लेख लिहू पाहणाऱ्यापुढे दोन सोप्या वाटा असतात आणि दोन्ही चुकीच्या. एक वाट कथा जशीच्या तशी घडलेली घटना म्हणून लिहिण्याची. दुसरी, कागदी पुरावा नाही म्हणून विषयच कोशाबाहेर ठेवण्याची. पहिल्या वाटेने लोकश्रद्धा इतिहास म्हणून खपते. दुसऱ्या वाटेने घाटातून जाणाऱ्या असंख्य माणसांची जिवंत परंपरा पुसली जाते. तिसरी वाट थोड्या कष्टांची आहे. देऊळ आहे, ते कुठे आहे, तिथे काय वाहिले जाते, ही पाहता येणारी तथ्ये. कथा काय सांगते हे 'लोकपरंपरेनुसार' असे स्पष्ट म्हणून लिहावे, आणि ती कोणी, कोणत्या पुस्तकात किंवा वृत्तपत्रात नोंदवली हे शेजारी द्यावे. मग घाटाच्या बांधणीविषयी कागदपत्रे काय म्हणतात ते वेगळ्या परिच्छेदात यावे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले, १८५६ मध्ये सुरू झालेले काम, कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये दगावल्यावर त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने चालू ठेवलेले कंत्राट, १८६३ मध्ये खुला झालेला मार्ग आणि साथींत व अपघातांत मेलेले हजारो मजूर. हे सारे एका पानावर आले की वाचकाच्या ध्यानात येते की या घाटाने घेतलेल्या जिवांपैकी बहुतेकांची नावे कोणीच लिहून ठेवली नाहीत, आणि शिंग्रोबाच्या कथेला इतक्या माणसांचे मन का चिकटले असेल याचा तो स्वतःच विचार करू लागतो. हा अर्थ लेखकाने सांगायचा नाही. विश्वकोशाचे ते काम नव्हे. पण तो सुचायला लागणारी सामग्री नीट मांडणे हे त्याचे काम आहे.

आधाराचा आग्रह धरला की लेख कोरडा होतो, असे म्हणणाऱ्यांनी कार्ल्याचे चैत्यगृह पाहावे. तिथल्या भिंती आणि खांब बोलके आहेत. वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण करविले आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, अशी नोंद तिथेच कोरलेली आहे. खांबांवर दात्यांची नावे आहेत, त्यांत धेनुकाकटचे रहिवासी पुष्कळ, आणि काही स्वतःला यवन म्हणवणारे. एमिल सेनार यांनी हे लेख 'एपिग्राफिया इंडिका'च्या सातव्या खंडात वाचून छापले. आता हे धेनुकाकट कुठले? दामोदर धर्मानंद कोसंबींनी ते कार्ल्याच्याच परिसरात शोधले, तर काहींनी ते आंध्रातल्या धान्यकटकाशी जोडले. वाद मिटलेला नाही. मला वाटते, नवा लेख लिहायला धेनुकाकटइतका चांगला विषय मावळात दुसरा नाही. ज्या गावाचा पत्ता कोणाला नक्की सांगता येत नाही, त्याच्यावर संपूर्ण आणि खरा लेख होऊ शकतो. कोणत्या खांबावर कोणत्या दात्याने हे नाव लिहिले, कोणत्या अभ्यासकाने ते कुठे ठेवले, त्याने कोणती कारणे दिली, दुसऱ्याने ती का नाकारली, हे सगळे लिहिता येते. निष्कर्ष मोकळा राहिला तरी लेख अपुरा राहत नाही. उलट कार्ल्यावरचा जो लेख 'हे लेणे अमुक शतकातले' असे एका दमात सांगून मोकळा होतो, तोच अपुरा. कारण या चैत्यगृहाच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत आणि ते कळण्याचा वाचकाला हक्क आहे. भाज्याच्या विहारातल्या शिल्पांचेही तसेच. ती सूर्य आणि इंद्र यांची, ही ओळख जुनी आहे, पण सर्वमान्य नाही. 'असे मानले जाते' एवढेच लिहिणाऱ्याने कोण मानते ते लिहिलेले नसते, आणि मग पुढच्याला शोध घ्यायला धागाच उरत नाही.

किल्ल्यांवरच्या लेखांत हा प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण तिथे शिवछत्रपतींवरची श्रद्धा मध्ये येते. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना होते, हे विधान तपासता येते, कारण तहाची यादी छापून उपलब्ध आहे. त्या यादीत विसापूर 'इसागड' म्हणून येतो; तुंगाला कठीणगड आणि तिकोन्याला वितंडगड अशीही नावे आहेत. तेव्हा नवे पान उघडण्याआधी ही सर्व नावे शोधून पाहावीत, नाही तर एकाच किल्ल्याचे दोन लेख होतात, दोघांत दोन निराळे इतिहास वाढतात आणि ते जुळवायला पुढे कोणाला तरी आठवडे घालावे लागतात. लोहगडावरच्या बावीचे बांधकाम नाना फडणवीसांचे, हे तिथल्या शिलालेखावरून सांगता येते. मार्च १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने विसापूर घेतल्यावर लोहगडही इंग्रजांच्या हाती गेला, हे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या १८८५ च्या पुणे खंडात आहे. पण सुरतेची लूट आणून लोहगडावर ठेवली, हे वाक्य ट्रेकच्या वर्णनांतून, पत्रकांतून, एका लेखातून दुसऱ्या लेखात वाहत येते आणि फार थोडे जण ते मूळ कोणत्या साधनातले हे सांगतात. ते खोटे आहे असा माझा दावा नाही. ते वीस ठिकाणी आढळते म्हणून त्याला वीस आधार आहेत असे समजू नये, एवढेच म्हणणे आहे. वीसही जणांनी एकाचेच उचललेले असू शकते. ११ जुलै २०२५ रोजी लोहगड 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाखाली अकरा अन्य किल्ल्यांसह जागतिक वारसा यादीत गेला. आता त्याच्यावर जगातल्या अनेक भाषांत लेख लिहिले जातील आणि लिहिणारे पुष्कळदा मराठी लेखाकडे बघतील. मराठीत निराधार वाक्य असेल तर ते तिथे आधारासकट असल्यासारखे जाऊन बसेल.

आता आक्षेपांकडे वळतो. सर्वांत जड आक्षेप असा: छापील आधार मागणे म्हणजे ज्यांच्याविषयी छापलेच गेले नाही त्यांना बाहेर ठेवणे. नाणे मावळातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला डोंगरातली प्रत्येक वाट, प्रत्येक टाके, प्रत्येक देवाचे ठाणे माहीत असते, आणि त्याच्या शब्दाला किंमत नाही. पण १८८५ साली साहेबाने मामलेदाराकरवी मागवलेली माहिती मात्र प्रमाण. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. गॅझेटियर ही राज्यकर्त्यांची नजर आहे. तिने काय पाहिले आणि काय पाहिले नाही, दोन्ही त्या नजरेतून आले. पण त्यावर उपाय म्हणून आधाराची अट काढून टाकली तर त्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडेल? त्याच्या नावावर कोणीही काहीही लिहील आणि तो ते खोडायला येणार नाही. कोसंबींनी कार्ल्याच्या परिसरात काय केले ते पाहावे. ते व्यवसायाने गणिती. पण जुन्या व्यापारी वाटा, दगडी सूक्ष्म हत्यारे आणि आजही पुजली जाणारी ग्रामदैवते यांचा संबंध त्यांनी पायी हिंडून, लोकांना विचारून मांडला आणि तो १९६२ च्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या ग्रंथात छापला. गावकऱ्याचे ज्ञान असे एकदा ठिकाण आणि पद्धत यांसह नोंदले गेले की ते आधार बनते, आणि मग कोशात त्याला मानाने जागा मिळते. म्हणजे काम दोन टप्प्यांचे आहे. आधी कोणीतरी ऐकून, लिहून, प्रसिद्ध करायचे; मग कोशात आणायचे. मावळातल्या महाविद्यालयांनी, ग्रामपंचायतींनी, स्थानिक नियतकालिकांनी पहिला टप्पा हाती घेतला पाहिजे. विकिपीडियावर थेट लिहून तो टाळता येत नाही, कारण तिथे मूळ संशोधनाला जागा नाही, आणि ती नसावी हेच बरे.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. इतके सगळे सांभाळायचे तर हे काम विद्वानांवर सोडावे, हौशी माणसाने अर्धेमुर्धे पान उघडूच नये, असे काहींना वाटते. याला उत्तर मराठी कोशांच्या इतिहासात आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे तेवीस खंड १९२० च्या दशकात एवढ्या थोड्या साधनांत काढले की आजही ते अद्भुत वाटते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि विसावा एकविसाव्या शतकात. या दोन्ही कामांपुढे मान लवते. पण सर्व जगाला काही खंडांत बसवणाऱ्या कोशाकडून मावळातल्या उधेवाडीसारख्या किंवा वेहेरगावसारख्या लहान गावाची स्वतंत्र नोंद मागणे रास्त नाही. तेवढ्या लहान विषयाला सामूहिक कोशातच जागा होऊ शकते आणि त्यावर लिहायला तिथले, तिथे जाणारे हौशी लोकच पुढे येतील. चार वाक्यांचा लेख चालेल, पण चारही वाक्यांना पाय हवेत. चालणार नाही तो दुसरा प्रकार. मराठी विकिपीडियावर गावांचे असंख्य लेख एकाच साच्यातून निघाले आहेत. नाव बदलले की झाले. त्यांत हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, जवळपासची गावे अशी शीर्षके असतात आणि त्यांखाली पुष्कळदा काहीच नसते, किंवा कोणत्याही गावाला लागू पडेल असे वाक्य असते. लेखांची संख्या त्याने वाढली, लाल दुवे निळे झाले, आणि त्यामुळेच नुकसान झाले. कारण लाल दुवा निदान सांगत होता की इथे काम बाकी आहे.

ताज्या घटनांवर लगेच लेख उघडण्याबाबत मी अधिक कडक आहे. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला, तेव्हा पहिल्या काही तासांत मृतांचा आकडा बातम्यांतून बदलत होता. बातमी बदलू शकते, तिला दुसऱ्या दिवशीचा अंक असतो. कोशातले पहिल्या तासाचे वाक्य मात्र कोणी सुधारेपर्यंत तसेच राहते आणि दरम्यान दहा ठिकाणी उतरवले जाते. थोडे थांबून, चौकशीचे निष्कर्ष येऊ देऊन लिहिलेला लेख मृतांचा मान अधिक राखतो. हाच विचार ९ ऑगस्ट २०११ च्या बऊरच्या गोळीबाराला लागू पडतो. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याविरुद्ध द्रुतगती मार्गावर झालेल्या त्या आंदोलनात तीन शेतकरी मारले गेले. आता त्यावर पुष्कळ छापील सामग्री आहे, आणि मावळावरच्या लेखांत हा विषय किल्ल्यांइतक्याच गांभीर्याने यायला हवा.

यावरून एक उणीव दिसते, ती चाहत्यांनी मनावर घ्यावी. आपण मावळ म्हणजे गड आणि लेणी एवढेच धरून चालतो. पण खोपोलीच्या वीजकेंद्रासाठी लोणावळ्याच्या परिसरात बांधलेले वळवण आणि शिरोत्याचे जलाशय, १९१५ पासून मुंबईकडे जाणारी ती वीज, १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी सुरू केलेले कैवल्यधाम आणि त्याच वर्षापासूनचे 'योगमीमांसा' हे नियतकालिक, पैसा फंडातून तळेगावात उभा राहिलेला काचकारखाना, हेही मावळच. आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगावच्या संशोधन केंद्राने दिलेला इंद्रायणी भात आज महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत शिजतो. त्याच्या जन्माची हकीकत किती जणांना ठाऊक आहे? वडगावातच पोलीस ठाण्याच्या आवारात इष्टुर फाकड्याची, म्हणजे ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ ठार झालेल्या कॅप्टन स्टुअर्टची, समाधी दाखवली जाते. शत्रूच्या शूरपणाला मराठ्यांनी 'फाकडा' म्हणून दिलेली ही दाद वडगावच्या लढाईच्या लेखात एका ओळीत संपवण्याजोगी नाही.

लेख लिहिल्याने गर्दी वाढते, आधीच लोहगड आणि भाजे पावसाळ्यात माणसांनी भरून जातात, असाही एक सूर ऐकू येतो. मला तो पटत नाही. गर्दी लेख वाचून येत नाही, ती चित्रफिती पाहून येते. आणि जो वाचून येतो त्याला निदान हे ठाऊक असते की समोरचा खांब दोन हजार वर्षांचा आहे आणि त्यावर नाव कोरणे हा गुन्हा आहे. मात्र धोक्याच्या वाटा, कड्यावरच्या चढाया, पावसात कुठे उतरावे, हा मजकूर कोशात नको. ते मार्गदर्शकाचे काम.

पुढच्या पानांत शीर्षक कसे निवडावे, धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, मसुदा कसा करावा, संदर्भ कसे जोडावेत, चर्चा पानावर मतभेद कसा मांडावा, हे सविस्तर दिले आहे. ते वाचण्याआधी मावळातल्या आणि मावळावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती आहे. आपल्या आवडत्या गडाचा किंवा गावाचा लेख आधी उघडून वाचा. ज्याला आधार दिलेला नाही असे एक विधान निवडा, आणि ग्रंथालयात जाऊन ते खरे कोठून आले ते शोधा. सापडले तर संदर्भ जोडा. नाही सापडले तर चर्चा पानावर तसे नोंदवा. नवे पान त्यानंतर उघडा.